कुंपणच शेत खातं तेव्हा : अँटिव्हायरस विंडोजलाच अडवतो, त्याचं निदान आणि उपाय

(कारंजा लाड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या आज्ञा वक्त्याने उच्चारल्या तशा लिहिल्या आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व उत्तरे दिली आहेत.)

संध्याकाळची वेळ, त्यात विषय संगणकाचा, तरी एवढी माणसं आली याचा आनंद आहे. समोर सेवा केंद्र चालवणारी मंडळी दिसतात, अडत दुकानांवर हिशेब लिहिणारे आहेत, शिक्षक आहेत, आणि मागे दोन-तीन दुरुस्तीवाले मित्रही बसलेत. त्यांनी माझं काही चुकलं तर हात वर करायचा.

सुरुवात एका फोनपासून करतो. मागे एका जुलैत, पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, तालुक्यातल्या एका गावातून सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. "सर, सकाळपासून नेट चालूनच नाही रायलं. वायफाय तं जुडलं दाखवते. मोबाइलवर त्याच वायफायचं नेट चालते. कॉम्प्युटरवरच काहून नाही?" बाहेर ओसरीत सातबारा आणि पासबुकं घेऊन शेतकरी बसलेले. गावातल्या एकाने सल्ला दिलेला, "विंडोज गेलं, फॉरमॅट मारा."

मी त्यांना एकच विचारलं : बंद पडायच्या आधी पडद्यावर काही आलं होतं का? त्या म्हणाल्या, "हो, अँटिव्हायरसनं विचारलं होतं, एसव्हीसीहोस्ट नावाचं काहीतरी इंटरनेटवर जाऊन रायलं, जाऊ देऊ का? मले वाटलं व्हायरसच असन. मी 'नाही' दाबलं. 'हे लक्षात ठेवा' असं होतं, त्यावरही टिक केलं."

आजार कळला. त्या ताईंनी चोराला अडवायचं म्हणून गावाचा पाणीपुरवठाच बंद केला होता. वीस मिनिटांत तो नियम काढला, मशीन पुन्हा सुरू केलं, नेट आलं. फॉरमॅट मारला असता तर स्कॅन केलेली कागदपत्रं गेली असती, बोटांच्या ठशांच्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला अर्धा दिवस लागला असता, आणि ओसरीतल्या माणसांचा दिवस वाया गेला असता.

विंडोजच्या पोटात कोण कोण काम करतं?

आपण संगणक चालू करतो तेव्हा आपल्याला टॅली दिसतं, वर्ड दिसतं, ब्राउझर दिसतो. न दिसणारी माणसं वेगळीच असतात. गावात सरपंच दिसतो, पण पाणी सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा सहसा दिसत नाही. तो एक दिवस आला नाही की मग दिसतो.

विंडोजमध्ये अशी चार-पाच नावं ओळखून ठेवा. पहिलं, सीएसआरएसएस. हे बंद पडलं की निळा पडदा येतो आणि मशीन कोसळतं. दुसरं, विनलॉगऑन. आपण पासवर्ड टाकून आत येतो ती व्यवस्था याच्याकडे. तिसरं, एलसॅस. पासवर्ड खरा की खोटा हे तपासतं. ते मध्येच थांबलं तर विंडोज स्वतःच पुन्हा सुरू होतं. चौथं, एक्सप्लोरर. डेस्कटॉप, खालची पट्टी आणि फोल्डरच्या खिडक्या हे दाखवतं.

आणि पाचवं, आजच्या कथेतलं मुख्य पात्र, एसव्हीसीहोस्ट. अर्थ साधा आहे : सर्व्हिस होस्ट, म्हणजे सेवांचा यजमान. विंडोजच्या कितीतरी सेवा याच्या घरात राहतात. वायफायला पत्ता मिळवून देणारी सेवा, संकेतस्थळाचं नाव घेऊन त्याचा आकडा शोधणारी सेवा, घड्याळ लावणारी, अपडेट आणणारी, आवाजाची, अशा अनेक. विंडोज १०च्या २०१७च्या आवृत्तीपासून पुरेशी मेमरी असलेल्या मशीनवर बहुतेक सेवांना वेगवेगळा यजमान मिळतो. म्हणून टास्क मॅनेजर उघडलात तर एसव्हीसीहोस्ट हे नाव पन्नास, साठ, सत्तर वेळा दिसेल. "एकाच नावाचे एवढे? नक्की व्हायरस!" असं म्हणून ते बंद करत सुटू नका.

राखणदार चुकतो कसा?

अँटिव्हायरस तीन तऱ्हांनी पहारा करतो. एक, ओळखपरेड. त्याच्याकडे ठाऊक असलेल्या व्हायरसच्या खाणाखुणांची यादी असते. फाइल तिच्याशी जुळली की पकड. दोन, वागणूक. फाइल ओळखीची नसेल, पण ती रात्रीतून शेकडो कागदपत्रं बदलू लागली तर तिला थांबव. तीन, फाटकावरचा पहारा, म्हणजे फायरवॉल. कोण बाहेर जातो, कोण आत येतो.

तिन्ही ठिकाणी चूक होऊ शकते. यादीतली खूण ढोबळ लिहिली गेली तर भला माणूसही तिच्यात बसतो. अपडेटची सेवा एकाच वेळी पुष्कळ फाइली बदलते, ते वागणं लुटारूसारखं दिसतं. आणि फाटकावरचा प्रश्न आपल्यालाच विचारला गेला, तर उत्तर आपणच चुकतो. याला इंग्रजीत फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. करोनाच्या काळात हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला. आजार नसताना चाचणी 'आहे' म्हणते. आणि त्याच काळातला दुसरा शब्दही इथे लागतो, क्वारंटाइन. अँटिव्हायरस संशयित फाइल बहुधा लगेच नष्ट करत नाही, वेगळी कोंडून ठेवतो. हा आपला मोठाच फायदा आहे, कारण कोंडलेलं परत आणता येतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपन्या, त्या चुकतात? चुकतात. तीन उदाहरणं सांगतो.

२१ एप्रिल २०१०. मॅकॅफी या नामांकित कंपनीने रोजच्यासारखी खुणांची नवी यादी पाठवली. क्रमांक ५९५८. त्या यादीने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वरच्या खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टला व्हायरस ठरवलं. अँटिव्हायरसने ते काढून घेतलं. मशीनचं नेट गेलं, आणि मशीन पुन्हा पुन्हा सुरू होत राहिलं. यातली खरी गोची बघा. कंपनीने दुरुस्त यादी लवकरच तयार केली, पण ती पोचणार कशी? ज्या यंत्रावर ती हवी होती त्याचं नेटच गेलेलं. मग माणसं पेनड्राइव्ह घेऊन एकेका टेबलाशी गेली. अमेरिकेतली काही रुग्णालयं आणि ऑस्ट्रेलियातल्या सुपरमार्केटचे गल्ले या गोंधळात अडकले.

दुसरं, सप्टेंबर २०१२. सोफोस या कंपनीच्या अँटिव्हायरसने चक्क स्वतःच्याच अपडेट करणाऱ्या भागाला व्हायरस समजून धरलं. राखणदाराने स्वतःलाच हातकडी घातली. आता किल्ली कोण देणार?

तिसरं तुमच्या आठवणीतलं असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. म्हणजे ७८ मिनिटं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर गेली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला.

इथे व्हायरस ओळखण्यात चूक नव्हती. कंपनीच्या स्वतःच्या अहवालाप्रमाणे नव्या फाइलला २१ रकान्यांची माहिती अपेक्षित होती, आणि यंत्रावरचा प्रोग्राम २०च देत होता. एकविसावा रकाना वाचायला तो मेमरीतल्या भलत्याच जागी गेला आणि कोसळला. एखाद्या साध्या प्रोग्रामचं असं झालं असतं तर फक्त तो बंद पडला असता. पण सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं. तिथे कोसळलं की सगळं घेऊन कोसळतं.

मग आपल्या सेवा केंद्रांत त्या दिवशी काही का झालं नाही? कारण ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात, आपण घेत नाही. आपल्या मशीनवरचा राखणदार वेगळा असतो, पण तोही बहुधा तितकाच आत बसलेला असतो.

कारंज्याला चार वेशी आहेत, दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. जुन्या काळी वेशीवर पहारेकरी असायचा तो बाहेरून येणाऱ्यांसाठी. अँटिव्हायरस मात्र नुसता वेशीवर उभा नसतो. त्याच्या हातात प्रत्येक घराची किल्ली असते. एवढा अधिकार दिल्याशिवाय तो चोर पकडू शकत नाही, आणि एवढा अधिकार दिला की त्याची चूकही तेवढीच महाग पडते. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. पण म्हणून कोणी शेताचं कुंपण काढून टाकत नाही. काढलं तर रानडुकरं आहेतच.

खरा की सोंग घेतलेला?

आता अगदी उलट गोष्ट सांगतो. एका दुकानाच्या मुनीमजींच्या मशीनवर अँटिव्हायरसने असंच एसव्हीसीहोस्ट अडवलं. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की ही विंडोजची आवश्यक फाइल आहे, अँटिव्हायरसची चूक होते. त्यांनी 'अनुमती द्या' दाबलं, वर ती फाइल अपवादांच्या यादीतही टाकली. चार दिवसांनी हिशेबाच्या सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

नाव तेच. ताईंनी अडवलं, तिथे ते खरं होतं. मुनीमजींनी सोडलं, तिथे ते सोंग होतं. म्हणजे 'नेहमी अडवा' हा नियम चुकीचा आणि 'नेहमी सोडा' हाही चुकीचा. ओळख पटवायला पाहिजे. ती पटवायला चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : राहतो कुठे? टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्स या भागात जा, त्या नावावर उजवं बटण दाबा आणि 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, सिस्टिम३२ मध्ये राहतो. त्याचा ३२ बिटचा भाऊ सिसवाऊ६४ मध्ये. एक्सप्लोरर थेट विंडोज फोल्डरात असतो. मुनीमजींच्या मशीनवर फाइल होती ॲपडेटा फोल्डरात. गावचा तलाठी म्हणून आलेला माणूस लॉजवर राहत असेल तर विचारायला नको का? स्पेलिंगही अक्षर अक्षर वाचा. व्ही आणि सीची अदलाबदल करून बनवलेली नावं सर्रास सापडतात.

दुसरा प्रश्न : सही कोणाची? विंडोजच्या फाइलींवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. पण एक खाचखळगा आहे. पुष्कळ सिस्टिम फाइलींची सही फाइलच्या आत नसून वेगळ्या नोंदवहीत असते, त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये सहीचा रकानाच दिसत नाही. तो नाही म्हणजे फाइल खोटी, असं समजू नका. मायक्रोसॉफ्टचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' नावाचं मोफत साधन आहे. त्याच्या ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू केलं की प्रत्येक नावासमोर सही पडताळलेली आहे की नाही ते दिसतं.

तिसरा प्रश्न : हे कधी सुरू झालं? अँटिव्हायरसच्या इतिहासात, म्हणजे प्रोटेक्शन हिस्टरीत, नेमकी वेळ असते. ती लिहून घ्या. त्याच्या थोडं आधी अँटिव्हायरसचं अपडेट आलं असेल तर राखणदारावर संशय घ्या. त्याच्या थोडं आधी कोणी पेनड्राइव्ह लावला, ईमेलचं बिल उघडलं किंवा फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर फाइलवर संशय घ्या.

चौथा प्रश्न : शेजाऱ्याकडे काय? तोच अँटिव्हायरस असलेल्या दुसऱ्याला फोन करा. एकाच सकाळी चौघांकडे तीच सूचना असेल तर बहुधा यादी चुकली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरही तोवर काही आलेलं असतं. फक्त तुमच्याकडेच असेल तर जपून.

आणि एक प्रामाणिक इशारा. पत्ता बरोबर, सही बरोबर, तरी दर वेळी निर्दोषच असं नाही. काही व्हायरस खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडतात. म्हणजे खोटी सेवा खऱ्या यजमानाच्या घरात घुसवतात. अँटिव्हायरस म्हणत असेल की फाइल ठीक आहे, पण ती अमुक धोकादायक पत्त्याशी वारंवार बोलते आहे, तर परवानगी देऊ नका. विंडोज सिक्युरिटीमधलं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. त्यात मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आधी तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

दुरुस्ती : लहान उपायापासून मोठ्याकडे

समजा, ओळख पटली. फाइल खरी आहे, चूक राखणदाराची आहे. आता क्रम महत्त्वाचा. मी तीन परिस्थिती सांगतो.

पहिली, मशीन चालू आहे, नेटही चालू आहे, पण काहीतरी अडलंय. सगळ्यात आधी अँटिव्हायरसची यादी अपडेट करा. कंपनीने चूक सुधारली असेल तर निम्मं काम तिथेच झालं. त्यानंतर क्वारंटाइनमधून फाइल परत आणा. हा क्रम उलटा केला तर जुनी यादी तीच फाइल पुन्हा धरते, आणि तुम्ही म्हणता, परत आणलं तरी जाते. कोंडलेली फाइल तिथे नसेल, कायमची पुसली गेली असेल, तर विंडोज स्वतःची मोडतोड स्वतः भरून काढू शकतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा. आधी डिस्मची आज्ञा द्या : डी-आय-एस-एम, जागा, तिरकी रेघ ऑनलाइन, जागा, तिरकी रेघ क्लीनअप-इमेज, जागा, तिरकी रेघ रिस्टोअरहेल्थ. ती पूर्ण झाली की दुसरी : एस-एफ-सी, जागा, तिरकी रेघ स्कॅननाऊ. पहिली आज्ञा सुट्या भागांचं कोठार नीट करते, दुसरी त्या कोठारातून खराब फाइल बदलते. कोठारच बिघडलेलं असेल तर नुसती दुसरी चालवून उपयोग नाही.

दुसरी परिस्थिती, त्या ताईंची. वायफाय जोडलेलं, नेट नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर ठीक आहे, मोबाइल चालतो, मग पत्ता मागायला जाणारा माणूसच कोणीतरी घरात अडवला आहे. अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रामांच्या नियमांची यादी असते. तिथे एसव्हीसीहोस्टसमोर 'ब्लॉक' आहे का बघा, आणि तो नियम काढा. खात्री करायची असेल तर फक्त फायरवॉलचा भाग पाच मिनिटं थांबवून बघा, अख्खा अँटिव्हायरस नको. नेट आलं तर आरोपी सापडला. नाही आलं तर दोष दुसरीकडे आहे, फायरवॉल लगेच पुन्हा चालू करा.

तिसरी आणि सगळ्यात घाबरवणारी : मशीन सुरूच होत नाही. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. इथे धीर धरा. सुरू होताना दोन-तीनदा अपयश आलं की विंडोज १० आणि ११ आपोआप दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी येईल. चार म्हणजे सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरती माणसं घेऊन उठतं, बाहेरचा अँटिव्हायरस सहसा उठत नाही. त्याच यादीत आठवा पर्याय आहे, सगळ्यांत आधी जागा होणारा अँटिव्हायरसचा पहारा या एका वेळेपुरता बंद करण्याचा. सेफ मोडनेही जमलं नाही तर तो वापरून बघा.

सेफ मोडमध्ये आल्यावर अँटिव्हायरस काढायचा असेल तर नेहमीचं 'अनइन्स्टॉल' पुष्कळदा चालत नाही, कारण ते करणारी विंडोजची सेवाच तिथे बंद असते. बहुतेक कंपन्या आपला अँटिव्हायरस मुळासकट काढायचं स्वतंत्र साधन देतात. ते दुसऱ्या मशीनवर, कंपनीच्याच संकेतस्थळावरून, पेनड्राइव्हवर घ्या. बाहेरचा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. तो जागा झाला आहे हे डोळ्यांनी बघा, मगच कामाला लागा.

हे मात्र करू नका

अख्खा सी ड्राइव्ह किंवा अख्खं विंडोज फोल्डर अपवादात टाकू नका. आणि एसव्हीसीहोस्टला 'प्रोसेस' म्हणून अपवादात टाकणं तर त्याहून वाईट. डिफेंडरमध्ये प्रोसेसचा अपवाद म्हणजे 'हा माणूस ज्या ज्या फाइलीला हात लावेल त्या तपासू नका' असा होतो. यजमानाच्या घरात पन्नास जण राहतात हे आपण पाहिलं. अपवाद द्यायचाच तर एका फाइलीला, पूर्ण पत्त्यासकट, आणि काम झालं की काढून घ्या. सोबत कंपनीला कळवा. चुकीची पकड कळवण्यासाठी बहुतेक कंपन्यांचा अर्ज असतो. तुम्ही कळवलं तर पुढच्या गावचं मशीन वाचतं.

दुसरं, एका मशीनवर दोन अँटिव्हायरस ठेवू नका. दोन राखणदार एकमेकांनाच चोर समजतात. दोघेही एकाच फाइलीला एकाच वेळी धरतात आणि मशीन गोठतं.

तिसरं, सिस्टिम फाइल कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून 'डाउनलोड' करून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. विंडोजकडे तिची प्रत आहे, ती वापरा.

आजारी पडण्याआधी

२०२४च्या त्या घटनेत दुरुस्ती तशी सोपी होती. सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची. तरी कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस लागले. एक कारण म्हणजे प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हाताने करावं लागलं. दुसरं कारण बिटलॉकर. डिस्कला कुलूप होतं आणि ४८ आकडी किल्ली सापडत नव्हती. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे कुलूप पुष्कळदा आपल्या लक्षातही न येता लागलेलं असतं. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आज घरी गेल्यावर हे एकच काम करा. ती किल्ली शोधा, कागदावर लिहा आणि पासबुकाजवळ ठेवा. त्याच संगणकात ठेवली तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत.

ज्यांच्याकडे आठ-दहा मशीन आहेत, शाळा, पतसंस्था, त्यांनी सगळ्यांवर एकाच क्षणी अपडेट घेऊ नये. खुणांची रोजची यादी येऊ द्या, पण अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आधी एका मशीनवर घ्या, दिवसभर बघा, मग बाकीच्यांवर. शेतकरी नवीन बियाणं आधी एका तासात पेरून बघतो, पुऱ्या वावरात नाही. तेच शहाणपण.

आणि कामाच्या फाइलींची एक प्रत मशीनच्या बाहेर ठेवा. ती असेल तर 'फॉरमॅट' हा शब्द ऐकून छातीत धडकी भरत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एवढं असेल तर बाहेरचा अँटिव्हायरस काढून डिफेंडरवरच राहावं का?*

सेवा केंद्र किंवा घरासाठी, अपडेट केलेलं विंडोज आणि डिफेंडर हे पुरेसं आहे असं माझं मत. पण डिफेंडरही चुकतो. १३ जानेवारी २०२३ला त्याच्या एका चुकीच्या नियमाने अनेक कार्यालयांत स्टार्ट मेनू आणि टास्कबारवरचे शॉर्टकट उडाले. लोकांना वाटलं प्रोग्रामच गेले. बाहेरचा घेतला असेल तर वाईट नाही. या धंद्यात आपल्या मातीतली माणसंही आहेत. क्विक हील उभी करणारे काटकर बंधू सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, आणि कंपनी पुण्याची. कोणताही घ्या, पण एकच घ्या आणि त्याचा इतिहास वाचायला शिका.

*सर, काही सॉफ्टवेअरवाले म्हणतात, टाकताना अँटिव्हायरस बंद करा. मग?*

ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलं की 'क्रॅक'? (हशा.) क्रॅकबरोबर येणारी ती सूचना म्हणजे घरफोड्याने सांगणं, रात्री कुत्रा बांधून ठेवा. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर अडत असेल तर त्या कंपनीकडून लेखी घ्या की कोणती फाइल, कोणत्या पत्त्यावर, आणि तेवढ्यालाच मोकळीक द्या.

*मला फोन आला होता, मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमचं एसव्हीसीहोस्ट खराब झालं म्हणून.*

मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. ती माणसं तुम्हाला टास्क मॅनेजर उघडायला लावतात, एसव्हीसीहोस्टची साठ नावं दाखवतात आणि म्हणतात, बघा किती व्हायरस! आज तुम्हाला कळलं की ती साठ नावं असतातच. फोन ठेवून द्या. दूरस्थ ताबा दिला असेल तर नेट तोडा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. उशीर करू नका, कारण पैसे पुढे सरकायला वेळ लागत नाही.

*फॉरमॅट कधीच करू नये का?*

करावा, पण निदान झाल्यावर. खंडणीखोर व्हायरस आत आला, पासवर्ड चोरीला गेले, सिस्टिम फाइली खरोखर बदललेल्या निघाल्या, तर पुसून नवीन विंडोज टाकणं हाच सुरक्षित मार्ग. मुनीमजींच्या मशीनला तेच करावं लागलं. त्या ताईंच्या मशीनला नाही. डॉक्टरही ताप आला म्हणून लगेच पोट फाडत नाही.

वेळ झाली. जाता जाता एवढंच लक्षात ठेवा. पुढच्या वेळी पडद्यावर ती लाल खिडकी आली की हात दोन मिनिटं माउसवरून काढा. मोबाइलने तिचा फोटो घ्या. मग विचारा : राहतो कुठे, सही कोणाची, कधीपासून, आणि शेजाऱ्याकडे काय. त्यानंतर जे बटण दाबाल ते अंदाजाने दाबलेलं नसेल.

त्या ताईंनी ओसरीतल्या सगळ्यांचे अर्ज त्या दिवशी भरले. शेवटचा रात्री साडेनऊला.